गी घालून ट्रेनिंग: खरंच गरज आहे की उगाच परंपरा?

घामाघूम:
मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

ब्राझिलियन जिउ जित्सू (जमिनीवर पकडी, लॉक आणि चोक लावायची कुस्ती) सुरू करून सात महिने झाले, पांढरा बेल्ट, त्यावर दोन पट्ट्या. आठवड्यातून चार दिवस जातो, चारही दिवस गीमध्ये, म्हणजे त्या जाड सुती जाकीट-पँटच्या पोशाखात. तर झालंय असं की मला गीचा अक्षरशः वैताग आलाय. एकतर गरम होतं, दुसऱ्या रोलपर्यंत (सरावाच्या झटापटीला रोल म्हणतात) जाकीट भिजून असं जड होतं की कुणीतरी पाठीवर बसलंय असं वाटतं आणि बऱ्याचदा खरंच कुणीतरी बसलेलं असतं. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, टूथब्रश धरताना कळ येते. आणि तिसरं म्हणजे माझ्याच कॉलरने माझाच गळा आवळतात राव. परवा एका ब्लू बेल्टच्या (माझ्या वरची पायरी) क्लोज्ड गार्डमध्ये होतो, म्हणजे तो पाठीवर आणि त्याचे पाय माझ्या कमरेभोवती अडकवलेले, त्याने शांतपणे चार बोटं माझ्या कॉलरमध्ये घातली, मी म्हटलं असू दे, काय होतंय. मग तो माझ्याशी गप्पाच मारत होता जवळजवळ. मग दुसरा हात आला, मनगटं वळली, आणि मला फक्त कानात घूं असा आवाज ऐकू आला. टॅप केला (थोपटून हार मानली) तेव्हा डोळ्यापुढे अंधारी यायला लागलीच होती.

मागच्या महिन्यात सहज म्हणून नो-गीच्या, म्हणजे बिनगीच्या क्लासला गेलो, रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट) आणि शॉर्ट्स, काय हलकं वाटलं म्हणून सांगू! त्याच ब्लू बेल्टच्या हातातून दोनदा सुटलो. तर प्रश्न असा की फक्त नो-गीच करू का? गीमधे नक्की काय आहे जे मला कळत नाहीये? का सगळे करतात म्हणून करायचं?

नोगीभक्त:
सोड. विषय संपला.

जरा सविस्तर सांगतो नाहीतर इथले लोक धावून येतील. जो खेळ कपड्याला धरून खेळायचा तो कपडा काढला की अर्धा उरतो. स्पायडर गार्ड, लासो या बाही धरायच्या पकडी, ते वर्म गार्ड की काय लॅपल (जाकिटाचा पुढचा काठ) पायात गुंडाळायचं, यातलं नो-गीमध्ये काय चालतं? अबू धाबीची एडीसीसी १९९८ पासून बिनगीचीच आहे आणि ग्रॅपलिंगमधली सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणून लोक तिच्याकडेच बघतात. एमएमए (ठोसे-लाथांसकट मिश्र लढत) करायचं मनात असेल तर मग प्रश्नच मिटला. अंडरहूक, बॉडी लॉक, फ्रंट हेडलॉक, कुस्तीतले टेकडाउन शिक. बोटं पण शाबूत राहतील.

वाचनमात्र_७:
वाचतोय. मलाही हाच प्रश्न आहे.

जुना_खोंड:
नोगीभक्त आले म्हणजे आता दोनशे प्रतिसाद पक्के :)

घामाघूम, तुझ्या पोस्टमध्येच तुझं उत्तर आहे, नीट वाच. "त्याने चार बोटं कॉलरमध्ये घातली, मी म्हटलं असू दे." अरे बाबा चोक तिथेच झाला. पुढचं सगळं नुसतं कागदपत्र. क्रॉस कॉलर चोकमध्ये पहिला हात खोल गेला, म्हणजे अगदी मानेच्या मागे टॅग असतो तिथपर्यंत, की अर्धं काम झालं, दुसरा हात यायचा तेवढा बाकी. मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, मेंदूकडे जाणारं रक्त अडतं, श्वास चालू असतो म्हणून माणसाला वाटतं की अजून वेळ आहे. वेळ नसतो. नीट बसला तर आठ-दहा सेकंदांत माणूस झोपतो. तेव्हा टॅप केलास ते उत्तम केलंस, त्यात लाज नाही.

आता तू दोनदा सुटलास त्याबद्दल. राग मानू नकोस, पण तू सुटलास का घाम सुटला? नो-गीमध्ये दहा मिनिटांनी सगळे मासोळीसारखे गुळगुळीत होतात, हात ओढला की निघतो. गीमध्ये कापडाला कापड घासतं, निसटता येत नाही, तिथे कंबर हलवावी लागते, फ्रेम लावावी लागते (हाताचा टेकू देऊन अंतर राखायचं), ग्रिप आधी सोडवावी लागते आणि मग हलावं लागतं. हे सगळं तुला सात महिन्यांत जमत नाहीये म्हणून गी नकोसा झालाय. मलाही झाला होता. मी तर दीड वर्ष कुरकुर केली.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकांगी बोलतो. गीवाल्यांना आळस लागतो. पँट धरून बसतात, बाही धरून बसतात, पाच मिनिटांच्या रोलमध्ये साडेचार मिनिटं दोघं एकमेकांची इस्त्री मोडत बसलेले. तेही काही जिउ जित्सू नव्हे.

कॉलरवाली:
जुना_खोंड +१, विशेषतः "कागदपत्र" ला हसून हसून पुरेवाट.

धागाकर्त्याला माझे काही प्रश्न, कारण सल्ला द्यायच्या आधी माहिती हवी. एक, गी कुठल्या साइजचा आहे आणि हात समोर सरळ केल्यावर बाही कुठपर्यंत येते? दोन, वीण कुठली आणि जीएसएम (कापडाचं वजन) किती? तीन, बाही धरतोस तेव्हा बोटं कशी ठेवतोस, आणि किती वेळ धरून ठेवतोस? चार, बोटांची कुठली सांध्याची जागा दुखते, मधली का टोकाची?

घामाघूम:
@कॉलरवाली ताई, धन्यवाद. गी एका सीनियरचा जुना घेतलाय. ए३ आहे, चार्टप्रमाणे मला ए२ बसतो पण म्हटलं धुतल्यावर आटेल. आटला नाही. बाही तळहाताच्या अर्ध्यापर्यंत येते, मी आत दुमडून घेतो. आत लेबलवर ५५० लिहिलंय. बाही मी मूठ आवळून धरतो, सोडत नाही, कोचच म्हणाले होते की ग्रिप सोडायची नाही. दुखतं ते मधल्या सांध्यात, दोन्ही हातांची मधली बोटं जास्त.

@जुना_खोंड घाम सुटला हे बहुतेक खरं आहे :(

धागादोरा:
आयडीतच धागा आहे तेव्हा हा भाग माझा. थोडं लांबेल.

तू जे घालतोयस ते गी नाही, ते पांघरूण आहे. ५५० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ५५० ग्रॅम. त्यात तुझ्या मापापेक्षा एक साइज मोठा म्हणजे तेच जड कापड अजून जास्त. असा पूर्ण सेट कोरडाच दोन किलोच्या आसपास भरतो, घाम प्यायल्यावर किती होत असेल तूच बघ एकदा काट्यावर ठेवून. रोजच्या ट्रेनिंगला ३५० ते ४५० च्या मधला घे. पर्ल वीव म्हणतात ती वीण घे, जवळून बघितलं तर बारीक मोत्यांच्या ओळींसारखी दिसते म्हणून ते नाव. हलकी असते, लवकर वाळते आणि टिकते. सिंगल वीव अजून हलकी आणि स्वस्त, पण सैल विणलेली असते त्यामुळे लवकर विरते. गोल्ड वीव आणि डबल वीव जड. डबल वीव धरायला कठीण जाते म्हणून काही लोक स्पर्धेला मुद्दाम घालतात, रोज घालून घामाच्या टाकीत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

जाकिटाचं अंग एका अखंड कापडाचं असेल, पाठीत मधोमध शिवण नसेल तर चांगलं, पाठीवर पडून घसटताना ती शिवण टोचते. काखेत, बाजूच्या कटापाशी आणि पँटच्या गुडघ्यावर दुहेरी कापड आहे का बघ, गी फाटतो तो याच ठिकाणी. पँट कॉटन ड्रिलची किंवा रिपस्टॉपची मिळते, रिपस्टॉप हलकी, उन्हापावसात लवकर वाळते, पण काही जणांना खरखरीत लागते. नाडी गोल दोरीची घे, चपटी नाडी रोल चालू असताना सुटते आणि मग जे होतं ते मी लिहीत नाही.

कॉलरच्या आत काय आहे तेही दाबून बघ. फोम किंवा रबर असेल तर पाणी कमी धरते, लवकर वाळते, आणि जाड ताठ असेल तर समोरच्याला मुठीत घ्यायला अवघड. नुसतं गुंडाळलेलं कापड असेल तर भिजून दोरखंड होतो. जुने गी असेच असतात, तुझा सीनियर तुला दोरखंडासकट गळा आवळायची सोय देऊन गेलाय.

कराटेचा गी वापरू नका हे पण सांगून ठेवतो, कुणीतरी विचारेलच. ते पातळ कापड ओढाओढीसाठी नसतंच, पहिल्या दिवशी खांद्यावर टर्रकन. ज्यूदोचा चालतो पण ढगळ असतो, बाह्या रुंद, घेर मोठा, समोरच्याला धरायला भरपूर कापड.

आटण्याबद्दल: कॉटन आहे, गरम पाण्यात किंवा ड्रायरमध्ये टाकलंस तर आटतो, थंड पाण्यात धुवून वाळत घातलास तर फारसा नाही. "प्रीश्रंक" लिहिलेलं असलं तरी पहिल्या दोनचार धुण्यांत थोडा जातोच. तुझा सीनियरकडे असतानाच आटायचा तेवढा आटून झालेला असणार.

घामाघूम:
पांघरूण :D बायकोपण हेच म्हणते.

बोटंवाकडी:
माझ्या आयडीवरून ओळखलंच असेल. गेली अकरा वर्षं गीमध्ये आहे, दोन्ही हातांची मधली बोटं आता पूर्ण सरळ होत नाहीत आणि अंगठी बोटातून निघत नाही. तेव्हा कळकळीने लिहितोय, वाच.

"ग्रिप सोडायची नाही" हे कोच म्हणाले असतील तर त्यांना म्हणायचं असेल की फुकट सोडायची नाही. समोरचा दोन हातांनी, कंबरेचा जोर लावून तुझी ग्रिप तोडतोय, आणि तू चार बोटांच्या टोकांवर लटकून आहेस, तर ती तुटणारच आहे. प्रश्न फक्त एवढाच की ग्रिप तुटणार का बोट. तो झटका द्यायच्या क्षणभर आधी आपणच सोडायची आणि लगेच दुसरीकडे धरायची. हे कळायला मला सहा वर्षं लागली, म्हणून बोटं वाकडी.

दुसरं, हात कसा ठेवायचा. बाहीच्या तोंडाशी कापडाची चुणी पकडून, करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी आणि मधलं बोट जरा सैल, अशी सवय लाव. बहुतेक नवे लोक उलटं करतात, वरची दोन बोटं आवळतात आणि करंगळी हवेत. करंगळीच्या बाजूने जोर येतो तो हाताच्या स्नायूतून येतो, वरच्या बोटांनी नुसता सांधा ओढला जातो. आणि ओढायचं ते बोटांनी नाही, कोपर बरगडीला चिकटवून पाठीने ओढायचं. बोटं म्हणजे फक्त हूक. हे एकदा करून बघ, फळ्याला किंवा दाराच्या हँडलला टॉवेल अडकवून लटक, फरक लगेच कळेल.

टेप लावायची तर बारीक पट्टीची, सांध्याच्या वर एक वेढा, खाली एक वेढा, मधून तिरकी फुली, म्हणजे बोट वळतंही आणि बाजूला जातही नाही. पण टेप म्हणजे इलाज नव्हे, टेपच्या भरवशावर अजून जोरात धरणारे मी बघितलेत (आरशात). बोट सुजून वळत नसेल, किंवा झटका लागताना टक्क असा आवाज आला असेल तर डॉक्टरला दाखव, बोटाच्या आतल्या ज्या कप्प्या असतात ना ज्यांच्याखालून स्नायूची दोरी जाते, त्या फाटतात कधीकधी. ते दरवेळी नुसत्या विश्रांतीने नीट बसत नाही.

आणि आठवड्यात चार दिवस गी असेल तर त्यातला एक दिवस नो-गी कर. नोगीभक्तांच्या बाजूने बोलतोय असं समजू नये.

नोगीभक्त:
समजलो. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आता गंभीरपणे. जुना_खोंड म्हणतात निसटणं म्हणजे तंत्र नाही. ठीक. पण मग हे सांगा, आयबीजेजेएफच्या (या खेळाच्या मोठ्या स्पर्धा भरवणारी संघटना) नियमांत गीमध्ये हील हूक, म्हणजे टाच पिळून गुडघ्यावर लावायचा लॉक, कुठल्याच बेल्टला चालत नाही, ब्लॅकलासुद्धा नाही. नो-गीमध्ये २०२१ पासून ब्राउन आणि ब्लॅक अडल्टला परवानगी आहे. म्हणजे जो माणूस दहा वर्षं फक्त गीमध्ये आहे त्याला गुडघ्याचं सगळ्यात धोक्याचं अस्त्र कधी बघायलाच मिळत नाही. पाय आत अडकला तरी त्याला कळत नाही की आपण संकटात आहोत. माझा गीवर राग नाही, गी म्हणजेच पूर्ण जिउ जित्सू या समजुतीवर राग आहे.

जुना_खोंड:
हे मात्र मान्य. माझ्या गुडघ्याने ते प्रत्यक्ष शिकून घेतलंय. दोन महिने जिना एकेक पायरी उतरत होतो.

इतिहासाचा_किडा:
धाग्याच्या नावात "परंपरा" शब्द आहे म्हणून आलो.

गी फार प्राचीन वगैरे समजू नका. जपानी जुजुत्सूवाले पूर्वी साध्या कपड्यांत किंवा आखूड बाह्यांच्या जाकिटांत सराव करायचे. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हाचे फोटो बघितले तर बाह्या कोपरापाशी संपतात आणि पँट म्हणजे जवळजवळ हाफ चड्डी. बाह्या आणि पँट लांब झाल्या त्या १९०७ च्या सुमारास, आणि त्यामागे कारण साधं होतं, कोपरं-गुडघे सोलवटायचे आणि धरायला कापड कमी पडायचं. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ती एका शिक्षकाने सरावाच्या सोयीसाठी केलेली दुरुस्ती आहे. बेल्टच्या इतक्या रंगांचंही तसंच, कानो यांच्याकडे मुख्यतः पांढरा आणि काळा, बाकीचे मधले रंग युरोपात ज्यूदो गेल्यावर रुळले.

कोडोकानचेच मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, पुढे बेलेमला राहिले, तिथे त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, आणि मग ग्रेसी भावंडांनी ते जमिनीवरच्या खेळाकडे वळवलं. कपडा मात्र तोच राहिला. ब्राझीलमध्ये आजही लोक त्याला किमोनोच म्हणतात. १९५१ मध्ये माराकाना स्टेडियममध्ये कार्लोसचा भाऊ एलिओ ग्रेसी आणि जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुरा लढले तेही गी घालूनच, किमुराने ज्या लॉकने हात मोडला त्याला आपण आज किमुरा म्हणतो. आणि १९९३ मध्ये पहिल्या यूएफसीला (एमएमएची स्पर्धा) एलिओचा मुलगा रॉयस ग्रेसी पांढरा गी घालून उतरला आणि एका रात्रीत तिघांना हरवलं. तेव्हा गी घालून खरी फाईट होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे एक लक्षात ठेवावं, आणि गी घातला की जिंकतो असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की आता तिथे गी घालूच देत नाहीत.

कॉलरवाली:
मस्त प्रतिसाद. एलिओच्या कोपराचं नाव निघालं की मला अजूनही कसंतरी होतं. त्याने टॅप केलाच नाही, कोपऱ्यातून टॉवेल टाकला गेला.

आता परत धागाकर्त्याकडे. तुझी उत्तरं वाचून मला वाटतं तुझा गी मोठा आहे म्हणून तू हरतोयस. बाही तळहातावर येते म्हणजे समोरच्याला चार बोटं कापडाची जास्तीची दिलीस. स्पायडर गार्डवाला ती चुणी दोन पीळ देऊन मुठीत घेतो, पाय तुझ्या दंडावर ठेवतो, झालं, तू आता बाहुली. ढगळ जाकीट बेल्टमधून बाहेर येतं, लॅपल लोंबतं, मग ते तुझ्याच काखेतून फिरवून तुलाच बांधतात. आत दुमडून काही उपयोग नाही, दुमड पहिल्या झटक्यात सुटते. मापाचा गी घे, हात सरळ समोर केल्यावर मनगटाच्या हाडापासून दोनतीन सेंटिमीटर वर बाही संपली पाहिजे. स्पर्धेच्या नियमात पाच सेंटिमीटरपर्यंत चालतं.

आणि पहिला हात कॉलरमध्ये येतो तेव्हा काय करायचं ते. त्याच्या मनगटाकडे बघत बसू नकोस. दोन्ही हातांनी त्याची बाही धर, त्याचा हात तुझ्या छातीला चिकटवून ठेव आणि स्वतः पाठ ताठ करून वर उठ. हात ओढून काढायचा नाही, हात तिथेच ठेवून आपण दूर जायचं. हनुवटी खाली. हे पहिल्या दोन सेकंदांत केलं तर पाच पैशाचं काम आहे, तिसऱ्या सेकंदाला नाही. मी लहान चणीची आहे, माझ्यापेक्षा पंचवीस किलो जास्त माणसांशी रोल करते, आणि मला गी आवडतो तो याचसाठी. धरायला दांडा मिळतो. नो-गीमध्ये तो माझ्यावर नुसता सांडतो, मी कुठे धरू त्याला? गीमध्ये बाही आणि पँट धरली की त्याला आधी मला सोडवावं लागतं. ताकद संपत नाही हो, पण हिशोब करायला वेळ मिळतो.

मुलींसाठी अवांतर: आत रॅशगार्ड घालाच, जाकीट उघडणारच असतं. आणि एफ साइजचा गी मिळतो, त्यात खांदे अरुंद आणि कंबरेला जागा असते, पुरुषांचा ए१ घेऊन बाह्या कापत बसू नका. मी कापल्या होत्या. कात्री सरळ गेली नाही.

वाचनमात्र_७:
वाचनखूण साठवली. एक शंका, गी वाळत नाही आणि वास जात नाही. रोज जायचं तर काय करता?

धागादोरा:
दोन गी. दुसरा उपाय नाही.

घरी आल्याआल्या बॅगेतून बाहेर काढ. "थोड्या वेळाने काढतो" म्हणून झोपलेल्या लोकांमुळेच अख्ख्या मॅटला वास येतो. थंड पाणी, उलटा करून, कमी साबण. साबण जास्त टाकला तर तो विणीत बसतो आणि मग वास त्याच्यात बसतो. वास मुरला असेल तर पांढरं व्हिनेगर अर्धा कप घालून अर्धा तास भिजत ठेव, मग नेहमीसारखा धू. ब्लीच नको, कॉटनचा धागा कमजोर होतो, पांढरा व्हायचा तेवढा होतो आणि दोन महिन्यांनी खांद्यावर फाटतो. फॅब्रिक सॉफ्टनर पण नको. वाळत घालताना दांडी बाह्यांतून आरपार घाल, म्हणजे काखा उघड्या राहतात, तिथेच ओल टिकते.

आणि पट्टा धुवा. हो, पट्टा. "पट्ट्यातली मेहनत धुवून जाते" म्हणणाऱ्यांच्या पट्ट्यात मेहनत नाही, बुरशी असते.

जुना_खोंड:
णिषेध! माझा पट्टा नऊ वर्षांत पाण्याला लागलेला नाही.

धागादोरा:
म्हणूनच तुमच्याशी कुणी साइड कंट्रोलमध्ये (छातीवर आडवं पडून दाबायची पकड) रोल करत नाही काका.

जुना_खोंड:
मी समजत होतो प्रेशर चांगलं आहे म्हणून.

बोटंवाकडी:
हसण्यावारी नेऊ नका, गजकर्ण हा या खेळातला नेहमीचा पाहुणा आहे. गोल लालसर चट्टा, कडा उठलेली, खाज. दिसला की मॅटवर जायचं नाही, मलम लावून पूर्ण बरं होईपर्यंत घरी. रॅशगार्डखाली झाकून येणारे महाभाग असतात, त्यांच्यामुळे निम्मी बॅच खाजवते. लाल, गरम, दुखरा फोड असेल तर तो जंतूंचा संसर्ग असू शकतो, तिथे घरगुती प्रयोग नकोत, त्याच दिवशी डॉक्टर.

काट्यावरचा:
स्पर्धेचा विषय निघालाय म्हणून, मी दोनदा कापडापायी गोत्यात आलोय.

पहिल्यांदा, आयबीजेजेएफच्या नियमात चालणाऱ्या स्पर्धेत मी निळं जाकीट आणि पांढरी पँट घालून गेलो. चालत नाही. पांढरा, रॉयल निळा किंवा काळा, आणि जाकीट-पँट एकाच रंगाची. उसनी पँट घातली ती आखूड, तिलाही घोट्याच्या हाडापासून पाच सेंटिमीटरची मर्यादा आहे. शेवटी तिसऱ्याच माणसाची मिळाली.

दुसऱ्यांदा वजन. गीच्या स्पर्धेत वजन गी घालूनच होतं, पहिल्या फाईटच्या अगदी आधी, आणि एकदाच. पुन्हा संधी नाही. अडल्ट पुरुषांच्या लाइट गटाची मर्यादा गीमध्ये ७६ किलो आणि नो-गीमध्ये ७३.५ किलो आहे, म्हणजे कपड्यासाठी अडीच किलो धरलेत. मी घरी हलक्या गीत ७५.८ बघून निघालो आणि तिथे हौसेने नवा जाड गी घातला. काय झालं ते सांगायला नको. एवढा प्रवास करून काट्यावरूनच परत.

अजून एक, बाहीच्या किंवा पँटच्या तोंडातून आत बोटं घालून धरायचं नाही, पेनल्टी बसते. बाहेरून चुणी करून धरायचं. क्लासमध्ये कुणी टोकत नाही म्हणून सवय लागते आणि बोटं अडकून मोडतात ती वेगळीच.

नोगीभक्त:
हे सगळं वाचून मला माझ्या शॉर्ट्सबद्दल नव्याने प्रेम वाटायला लागलंय.

घामाघूम:
धागा वर काढतोय, पाच आठवडे झाले.

सगळ्यांचे आभार आधी. ए२ घेतला, पर्ल वीव, बाही मनगटाच्या जरा वर. पहिल्या दिवशी तोच ब्लू बेल्ट, मी बसल्याबसल्या त्याने सवयीने बाहीकडे हात टाकला आणि चुणी धरायला कापडच नाही, दोनदा निसटला हात. तिसऱ्यांदा धरली अर्थात. पण ते दोन सेकंद काय मजा आली!

बोटांचं कमी आहे. करंगळी आवळायचं लक्षात राहत नाही, रोलच्या मध्येच आठवतं, तेवढ्यात समोरचा माझे पाय ओलांडून पुढे गेलेला असतो. सोडून परत धरायचं मात्र जमायला लागलंय, आधी वाटायचं सोडली म्हणजे हरलो. एक दिवस नो-गी ठेवलाय, शुक्रवारी. तिथे गेल्यावर कळलं की मी अजूनही नसलेल्या कॉलरला हात घालतो.

आणि मुख्य म्हणजे कॉलरवाली ताईंनी सांगितलं तसं, पहिला हात आत आला की छातीला दाबून धरून वर उठायचं, तेवढं एकच महिनाभर केलं. क्लोज्ड गार्डमधून तो चोक आता बसत नाही मला. परवा त्याने चारदा प्रयत्न केला, चारही वेळा उठलो. पाचव्यांदा त्याने चोक सोडलाच, माझं लॅपल बेल्टमधून बाहेर काढलं, माझ्या पायामागून फिरवून दुसऱ्या हातात घेतलं आणि मला असं काही गुंडाळलं की मी आडवा कधी झालो कळलंच नाही. हे काय होतं? याला काय म्हणतात आणि यातून सुटायचं कसं?

जुना_खोंड:
नवीन धागा काढ.